स्टेंट टाकला तरी डोळे पिवळेच? मग आधी लघवीकडे बघा

"आठ दिस झाले नळी टाकून, डोये तं अजून पिवयेच हायेत, मंग पैसा पाण्यात गेला का?" हा प्रश्न लॅबच्या खिडकीवर इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी ठरवलं यावर नीट लिहायचंच. विचारणारे असतात पित्तनलिकेचा कॅन्सर झालेल्या पेशंटच्या घरचे लोक, मुलगा, जावई, कधी एकटीच आलेली बायको. नागपूरवरून स्टेंट, म्हणजे बंद झालेली पित्ताची वाट उघडणारी नळी, टाकून गावी आलेले असतात, इथं तालुक्याला रक्त तपासतात, रिपोर्टवर बिलीरुबीन, म्हणजे काविळीचा पिवळा पदार्थ, अजून 9 दिसतं आणि तिथंच धीर सुटतो. आणि धीर सुटला की दुसऱ्या दिवशी गाडी कुणीतरी सांगितलेल्या बाबाकडे वळते. त्या 9 च्या आत नेमकं काय आहे हे त्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही, आणि मला वाटतं धीर धरायला लागणारी खरी गोष्ट त्याच आकड्याच्या आत आहे.

आधी थोडं शाळेतलं. रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, मग शरीर ती मोडतं, हिमोग्लोबिनमधलं लोह परत वापरायला काढून घेतं आणि उरलेल्या तुकड्याचं आधी हिरवं बिलीव्हर्डिन आणि त्यापासून पिवळं बिलीरुबीन बनतं. मुका मार लागला की काळंनिळं झालेलं कातडं चार दिवसांनी हिरवट आणि मग पिवळं पडतं, ते हेच. असं रोज 250 ते 300 मिलिग्रॅम बिलीरुबीन तुमच्या-माझ्या अंगात तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला नुसतं धरून लिव्हरपर्यंत जातं, तिथं लिव्हर त्याला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडतं आणि मग ते पाण्यात विरघळायला लागतं. असं विरघळणारं बिलीरुबीन पित्तात जातं, पित्त आतड्यात, आणि तिथले जंतू त्याचं जे करतात त्यानं संडासला तपकिरी रंग येतो. रोजच्या संडासचा रंग म्हणजे पित्ताची वाट मोकळी आहे याची पावतीच आहे!

लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. ते बारीक नळ्यांतून मोठ्या नळ्यांत, शेवटी उजवी आणि डावी अशा दोन नळ्या एकत्र येऊन एकच मुख्य पित्तनलिका, जेमतेम 6 मिलिमीटर रुंद. याच्या अस्तराला कॅन्सर होतो तो लिव्हरच्या आत होऊ शकतो, खाली आतड्याजवळ होऊ शकतो, पण निम्म्याहून जास्त वेळा होतो तो त्या दोन नळ्यांच्या जोडावर. 1965 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जेराल्ड क्लाटस्किन या डॉक्टरांनी या जोडावरच्या गाठींचं नीट वर्णन केलं, म्हणून रिपोर्टमध्ये 'क्लाटस्किन ट्यूमर' असं लिहिलेलं दिसतं. जागाच इतकी अरुंद की लहानशी गाठ पण वाट बंद करते. मग पाट खाली बुजला की पाणी वरच्या वावरात तुंबतं तसं पित्त लिव्हरमध्ये मागं तुंबतं आणि तिथून रक्तात उतरतं. विरघळणारं बिलीरुबीन रक्तात आलं की किडनी ते गाळून बाहेर टाकते, लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. आतड्यात काहीच पोचत नाही म्हणून संडास पांढुरकी, मातकट होते. आणि अंगाला खाज सुटते, रात्र रात्र झोपू न देणारी, आणि नेहमीच्या खाजेच्या गोळ्यांनी ती फारशी थांबत नाही कारण ती ॲलर्जीची खाज नाही, तुंबलेल्या पित्तातून रक्तात आलेल्या पदार्थांची आहे.

पोट फारसं दुखत नाही, ताप नाही, पण डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढरी आणि खाज, असं घरात कोणाला, त्यातही पन्नाशीच्या पुढच्या माणसाला झालं तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी झालीच पाहिजे. तुंबून फुगलेल्या नळ्या साध्या सोनोग्राफीत सुद्धा दिसतात.

इथंच बाबाचा विषय काढावा लागतो. आमच्याकडे कावीळ उतरवणारे गावोगावी आहेत. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो आणि ती दिवसेंदिवस लांब होते, म्हणजे कावीळ उतरतेय म्हणे. ओल्या काड्या सैल गाठींमध्ये बांधलेल्या असतात, त्या वाळून बारीक होतात, गाठी सुटत जातात आणि दोरा लांबतो, निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी लांबणारच. कोणी चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळं करून दाखवतो, हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, तो आणि चुना भेटले की पिवळा रंग येतो. कोणी नाकात कडू थेंब टाकतो, नाकाचं आतलं कातडं जळून पिवळं पाणी वाहतं आणि लोक म्हणतात कावीळ वाहून गेली. बाबाला यश का येतं? कारण गावातली बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते आणि ती बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. श्रेय माळेला जातं. पण बंद पडलेली पित्तनलिका माळेनं उघडत नाही, आणि जे आठवडे तिथं जातात ते ऑपरेशन होऊ शकणाऱ्या पेशंटच्या हातून निसटलेले आठवडे असतात. मला याचा फार राग येतो.

आता स्टेंटकडे. ईआरसीपी करून म्हणजे तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेत प्लास्टिकची किंवा धातूची बारीक नळी बसवतात, किंवा ते जमलं नाही तर बरगड्यांमधून सुई घालून बाहेरून ड्रेन काढतात. पित्त वाहायला लागतं. मग दोन दिवसांत बिलीरुबीन नॉर्मल म्हणजे 1 का होत नाही?

कारण रक्तात बिलीरुबीन एकाच प्रकारचं नसतं. क्रोमॅटोग्राफी नावाच्या पद्धतीनं रक्तातलं बिलीरुबीन वेगळं करून बघितलं तर चार भाग दिसतात, त्यांना अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा म्हणतात. अल्फा म्हणजे लिव्हरला पोचायच्या आधीचं, न विरघळणारं. बीटा आणि गॅमा म्हणजे लिव्हरनं ग्लुकुरोनिक ॲसिडचा एक किंवा दोन रेणू जोडलेलं, विरघळणारं. आणि चौथं डेल्टा, ज्याच्यावर माझा खरा जीव आहे. पित्त बरेच दिवस तुंबून राहिलं की विरघळणारं बिलीरुबीन रक्तात फिरत राहतं, त्याचा ग्लुकुरोनाइडचा बंध थोडा अस्थिर असतो, आणि ते बिलीरुबीन अल्ब्युमिनच्या लायसिन या अमिनो ॲसिडशी सरळ रासायनिक बंध करून बसतं. म्हणजे आधीसारखं नुसतं धरणं नाही, कोव्हॅलंट बंध, पक्का जोड. एकदा जोडलं की ते बिलीरुबीन आता अल्ब्युमिनचाच भाग झालं, लिव्हर त्याला सोडवून पित्तात टाकू शकत नाही आणि अल्ब्युमिनचा रेणू एवढा मोठा की किडनीची चाळणी त्याला जाऊ देत नाही. ते जाणार कधी, तर अल्ब्युमिन स्वतः मोडेल तेव्हाच, आणि अल्ब्युमिन निम्मं व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. विरघळणारं साधं बिलीरुबीन मात्र वाट मोकळी झाली की तासांच्या हिशोबानं कमी व्हायला लागतं.

आता आकडे मांडून बघा. समजा स्टेंटच्या आधी बिलीरुबीन 18 होतं, त्यातलं 8 डेल्टा. वाट उघडली, लिव्हर चांगलं असेल तर बाकीचं 10 थोड्या दिवसांत बरंच कमी होईल, पण डेल्टाचं 8 सुरुवातीला जवळपास तसंच, मग अडीच-तीन आठवड्यांनी 4, अजून तितक्याच दिवसांनी 2. म्हणून आठव्या दिवशी रिपोर्टवर 9 येतं. आणि आमच्या लॅबचं साधं मशीन डेल्टाला वेगळं दाखवत नाही, त्याला डायरेक्ट बिलीरुबीनमध्येच, म्हणजे विरघळणाऱ्यातच धरतं, म्हणून डायरेक्टचा आकडा बघून घरचे लोक घाबरतात की अजून सगळं तुंबलेलंच आहे. कावीळ जितकी जुनी तितकं डेल्टा जास्त, तितकं उतरायला हळू. आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बिलीरुबीनची ओढ जास्त, तिथं रंग आधी दिसतो आणि सगळ्यात शेवटी जातो.

म्हणून नळी टाकल्यावर पहिल्या आठवड्यात डोळ्यांकडे बघून धीर सोडू नका, लघवी बघा. डेल्टा लघवीत उतरत नाही, त्यामुळे डोळे पिवळे असताना सुद्धा लघवी फिकी व्हायला लागली तर विरघळणारं बिलीरुबीन कमी झालंय, नळी काम करतेय. संडासला परत तपकिरी रंग आला तर पित्त आतड्यात पोचतंय. खाज कमी होऊन माणूस रात्री झोपायला लागला तर ते पण चांगलं लक्षण. याच्या उलट, लघवी फिकी होतच नाही किंवा फिकी होऊन परत गडद झाली तर थांबायचं नाही, ज्यांनी स्टेंट टाकला त्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. जोडावरच्या गाठीत कधी कधी एकाच बाजूची वाट उघडलेली असते आणि दुसरी नळी लागते.

स्टेंट म्हणजे कॅन्सरचा इलाज नाही हे पण स्वच्छ समजून घ्या. तो पुढच्या इलाजाची वाट उघडतो, कारण बिलीरुबीन बरंच खाली आल्याशिवाय सहसा किमो सुरू करत नाहीत. गाठ काढता येण्यासारखी असेल तर ऑपरेशन हाच बरं होण्याचा मुख्य रस्ता, पण बऱ्याच जणांचा आजार सापडतो तोवर ती वेळ गेलेली असते. मग किमो. 2010 साली 410 पेशंटवरचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, त्यात जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन एकत्र दिल्यावर मीडियन आयुष्य 11.7 महिने आलं, एकटं जेमसिटाबिन दिलेल्यांत 8.1. हा आकडा ऐकून घरात रडारड होते, पण मीडियन म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढं जगले, ती कोणाच्या नावानं निघालेली तारीख नाही. 2022 मध्ये याच किमोसोबत ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध देऊन बघितलं तेव्हा दोन वर्षांनी जिवंत असणारे सुमारे 25 टक्के होते, नुसत्या किमोवर सुमारे 10 टक्के. लिव्हरच्या आतल्या प्रकारात काहींच्या गाठीत एफजीएफआर 2 किंवा आयडीएच 1 या जनुकातले बदल सापडतात आणि त्यावर नेमकी औषधं आहेत. महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, पण तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठला इलाज बसतो ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, लाजू नका.

घरात अजून एक गोष्ट चालते, दोष शोधणं. काय खाल्लं होतं, कोणी करणी केली. थायलंडच्या ईशान्य भागात कच्चे नदीतले मासे खाल्ल्यानं लिव्हरमध्ये जाणारा चपटा कृमी या कॅन्सरचं मोठं कारण आहे, जपानमध्ये ओसाकाच्या एका छपाई कारखान्यातल्या कामगारांना सफाईच्या रसायनामुळे हा झाला, काहींना पित्तनलिकेतले जुने खडे किंवा जन्मतःच पित्तनलिकेला फुगवटे असतात. पण बऱ्याच पेशंटमध्ये असं कुठलंच कारण सापडत नाही. सुनेनं, शेजाऱ्यानं, भाऊबंदानं काही केलेलं नाही. हा कॅन्सर ताटातून पसरत नाही, भांडी वेगळी करू नका. हळद खाल्ल्यानं डोळे पिवळे होत नाहीत, हळद-तेल बंद करून पेशंटला नुसत्या उसाच्या रसावर ठेवाल तर आधीच झडलेलं वजन अजून झडेल आणि किमो झेपणार नाही. पित्त अडलेलं असताना तेलकट पचत नाही हे खरं, पण वाट उघडल्यावर सोसेल तसं वरण-भात-भाजी-दूध-अंडं सगळं द्या.

देवावर विश्वास आहे तर ठेवा, शेगावला जा, घरी पोथी वाचा, भजन म्हणा, माझा याला काहीच विरोध नाही, रात्री खाजेनं तळमळणाऱ्या माणसाचा हात धरून बसलेली बाई ज्या बळावर बसते ते बळ कुठूनही आलं तरी ते खरंच आहे. फक्त ते बळ औषधाच्या जागी नको, औषधाच्या सोबत हवं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्याचे, नवस-बळी-मंत्रतंत्राला आयुष्यभर विरोध करणारे, आणि त्यांच्या दशसूत्रीत दोन गोष्टी सोबत आहेत, रोग्यांना औषधोपचार आणि दुःखी, निराश लोकांना हिंमत. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायची वेळ आली तर दादरला त्यांच्याच नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात, चौकशी करून जा.

आणि स्टेंटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कार्डावर नळी प्लास्टिकची की धातूची ते बघा. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत बुजायला लागते, ती वेळेवर बदलावी लागते, तब्येत बरी वाटतेय म्हणून सोयाबीन निघेपर्यंत थांबू असं करू नका. मधेच कधी थंडी वाजून हुडहुडी भरून ताप आला, सोबत कावीळ वाढली किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर तो मलेरिया-टायफॉइड समजून गावात सलाईन लावत बसायचं नाही. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढून ते रक्तात जातात आणि काही तासांत माणूस गंभीर होऊ शकतो, पण वेळेवर अँटिबायोटिक मिळालं आणि नळी मोकळी केली तर त्यातून लोक बाहेर येतात. सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच 108 ला फोन करा, सगळे कागद सोबत घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की पित्तनलिकेत स्टेंट आहे.