शोकेसमधला पर्कोलेटर बाहेर काढा

पावडर घ्यायला आलात की आम्ही आधी विचारतो, कॉफी कशात करता? काहींना वाटतं हा कशाला नसत्या चौकशा करतो, पण बी चांगलं, भाजणी ताजी आणि दळण भांड्याला जुळलं नाही तर सगळं फुकट जातं. आमचं बी कर्नाटकातनं येतं, चिकमगळूर आणि कोडगूहून, ते पिकवणाऱ्यांनी एवढी मेहनत घेतलेली असते, कपात येऊन ते वाया जाऊ नये एवढंच.

गोव्यात कितीतरी घरांत पर्कोलेटर आहे, म्हणजे गॅसवर कॉफी करायचं नळी आणि चाळणीचं भांडं. कुणाचा मामा बोटीवर, कुणाचा भाऊ गल्फात, सुट्टीला येताना आणलेला, एकदा कॉफी केली, कडूजहर झाली आणि तो गेला शोकेसमध्ये कपबश्यांच्या मागे. भांड्याचा दोष नाही हो! त्यात होतं असं, की तळाचं पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे ते मधल्या नळीतून वर ढकलतात, ते चाळणीतल्या पावडरीवर पडतं, झिरपून खाली येतं आणि परत वर, म्हणजे उतरलेली कॉफीच पुन्हा पुन्हा पावडरीतून फिरते. म्हणून इथे दळण जाड पाहिजे, लापशीच्या रव्यासारखं. बारीक असलं की कडवटपणा उतरतो आणि भोकांतून गाळही.

600 मिलि गार पाणी, 35 ग्रॅम पावडर. पाण्याची पातळी चाळणीच्या खालीच ठेवा, पावडर दाबू नका. झाकणावरच्या काचेच्या बोंडात पहिलं पाणी उडालेलं दिसलं की गॅस एकदम बारीक करा. दर दोन-तीन सेकंदांनी पाणी एकदा उडालं पाहिजे, सारखं खदखदत असेल तर आच जास्त आहे. असं 6-7 मिनिटं ठेवा आणि बंद करा. मग फडक्याने धरून चाळणी लगेच बाहेर काढा, हे बरेचजण विसरतात, तशीच राहिली तर शेवटचं कडू पाणी ठिबकत राहतं. चिकोरीची (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाची) पावडर यात नको, प्युअर कॉफीच घ्या, मध्यम भाजणीची.

मोका पॉट हा वेगळा प्रकार, इटलीत 1933 साली बियालेट्टींच्या कारखान्यातून आलेला. यात पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून एकदाच वर चढतं, त्यामुळे दळण बरंच बारीक चालतं. पाणी वाफेच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा, पावडर सपाट करा पण ठासू नका, आणि फसफस आवाज आला की उतरवा. लहान पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, कलंडतो, वर ठेवायला छोटी जाळी मिळते ती घ्या. अॅल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापणार नाही. कडेने वाफ सुटायला लागली की रबर बदला.

दुधाची दाट कॉफी आवडत असेल तर स्टीलचा साऊथ इंडियन फिल्टरच बरा, चिकोरी मिक्स त्यासाठीच. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला 15-20 मिनिटं लागतात, घाई करून हलवू नका.

आणि यातलं काहीच नसेल तरी अडत नाही. टोपात पाणी उकळा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, जाड पावडर घालून ढवळा, 4 मिनिटं झाकून ठेवा, मग ओल्या पातळ कापडातून गाळा. माप तेच, लिटरला साधारण 60 ग्रॅम. खरं सांगायचं तर पाहुणे जास्त असले की आम्ही घरी हीच करतो. गूळ घालायचा तर काळ्या कॉफीत घाला, दुधात गूळ उकळला तर दूध फाटू शकतं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असेल तर ते रात्री भरून उघडं ठेवा.

पावसाळ्यात मात्र जपा. आपल्याकडची हवा इतकी दमट की पाकीट उघडं राहिलं की पावडरीचे गोळे होतात आणि वास उडतो. एका वेळी 100-200 ग्रॅमच न्या, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, ओला चमचा बिलकूल नको. फ्रिजमध्येही नको, काढ-घाल करताना डब्यात पाणी सुटतं.

कुठलं दळण घ्यायचं कळत नसेल तर भांड्याची चाळणी घेऊन दुकानात या, नाहीतर फोटो दाखवा, भोकं बघून समोरच दळून देऊ.