शिवारातला उंदीर नत्र कसं वाचवतो

भाताची सुगी आटोपली की खानापूरकडच्या आमच्या शिवारात आजोबा कुदळ घेऊन बांधावर जायचे. बीळ उकरलं की आत लोंब्या दडपून भरलेल्या असायच्या, देठाशी दातांनी साफ कापलेल्या. आजोबा त्या पाटीत घ्यायचे आणि मूठभर तिथंच ठेवायचे.

एवढ्या भातावर उंदराचं कुटुंब कसं वाढतं, हा प्रश्न मला पुढे प्राणिशास्त्र शिकताना पडला. तांदळात प्रथिनं जेमतेम ७ टक्के, आणि प्रथिनांतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, साधारण १६ टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम तांदळात एक-सव्वा ग्रॅमच नत्र. चिकोडी-निपाणीकडे उंदीर ऊस कुरतडतात, त्या रसात तर साखरेशिवाय फारसं काहीच नाही.

कॉलेजात उंदराचं विच्छेदन करताना याचं उत्तर चिमट्यात आलं. लहान आतडं संपतं आणि मोठं सुरू होतं तिथं स्वल्पविरामासारखी वाकलेली, हिरवट-करडी पिशवी लोंबत होती. एका टोकाला बंद, म्हणून तिचं नाव अंधनाल. तिच्यात जिवाणूंची दाट वस्ती असते. आपण युरियाची गोणी शेतात टाकतो; उंदराचं यकृतही युरियाच तयार करतं. त्यातला काही लघवीवाटे जातो, तर काही रक्तातून आतड्यात झिरपतो. जिवाणू तो फोडून अमोनिया करतात आणि त्यातल्या काही भागातून स्वतःची प्रथिनं घडवतात. टाकाऊ नत्र पुन्हा कामाला लागतं.

अडचण एकच. प्रथिनं पचतात आणि शोषली जातात ती लहान आतड्यात, आणि ते तर मागं राहिलं. म्हणून उंदीर आपल्या लेंड्यांपैकी काही पुन्हा खातो. यात किळस वाटण्यासारखं काही नाही. गाय रवंथ करते, तशीच ही सोय.

माणसाला हे कळायला मात्र वेळ लागला. १८८२ मध्ये फ्रान्समधले पशुवैद्य मोरो यांनी सशाच्या दोन प्रकारच्या लेंड्या नोंदवल्या. त्यातल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. ससा उंदराच्या गणातला नाही, पण धागा तोच. पुढे पांढरा उंदीर आहारशास्त्राचा मुख्य प्राणी झाला. त्यानं लेंड्या खाऊ नयेत म्हणून पिंजऱ्याला तारेची जाळी बसवत, लेंडी खाली पडली की प्रश्न मिटला असं धरून. १९५७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बार्न्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जाळीचा उपयोग नाही, उंदीर लेंडी थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो. त्यांनी शेपटीच्या मुळाशी छोटा कप बांधला, तेव्हा कुठं लेंड्या खाणं थांबलं, आणि उंदरांची वाढ मंदावली. या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच वाटतो. जाळीवर विसंबून केलेल्या आधीच्या कित्येक प्रयोगांत उंदराला एक अन्न गुपचूप मिळतच होतं.

१९८३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लेमिंग या उंदरासारख्या गवतखाऊ प्राण्याचं मोठं आतडं तपासलं. त्यात एक पन्हळ असते. तिच्यातून जिवाणू मागं अंधनालीत परततात आणि कोरडा चोथा तेवढा पुढं सरकतो. गवतात नत्र कमी, म्हणून तिथं ही व्यवस्था पक्की. धान्य खाणाऱ्या उंदरात ती इतकी काटेकोर नसते. आजोबांच्या बांधावरल्या बिळात लोंब्या साठलेल्या असत.