उशिरा निजणाऱ्यांचे पहाटे उठणे

रात्री अकरानंतर ज्यांना तरतरी येते आणि सकाळी ज्यांचे डोळे उघडता उघडत नाहीत, अशा माणसांनी लवकर उठण्याची सवय अंगी बाणवणे. अशा माणसाला निशाचर किंवा जागरणी म्हणतात. घरच्यांचा संताप झाला की घुबडही म्हणतात. ही सवय लावता येते, पण तिला मर्यादा आहे. नेटाने प्रयत्न केल्यास झोपेची वेळ दीड-दोन तास अलीकडे आणता येते आणि पुढे ती रोज राखावी लागते. मूळ प्रकृती मात्र पालटत नाही.

कोल्हापुरात हा प्रश्न घरोघरी निघतो, कारण या शहराचा दिवस फार लवकर उजाडतो. अंबाबाईच्या देवळात काकड आरती होते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. तालमींत त्याच सुमारास जोर-बैठका चालू असतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात, आणि रंकाळ्याच्या काठाने फिरायला जाणाऱ्यांची रांग लागते. अशा गावात आठ वाजता उठणारा मुलगा आळशी ठरतो. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण त्याला लहानपणापासून ऐकवलेली असते. तो रात्री बारा ते दोन या वेळात किती एकाग्रतेने अभ्यास करतो हे कोणी पाहिलेले नसते, कारण तेव्हा घर झोपलेले असते. उशिरा जाग येणे आणि आळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच मानल्यामुळे अनेक मुलांच्या वाट्याला विनाकारण बोलणी येतात.

शरीरातले घड्याळ

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या जरा वर, पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. एकूण पेशी सुमारे २०,०००. झोप, जाग, शरीराचे तापमान, भूक, संप्रेरके या सगळ्यांचा दिवसभराचा ताल तिथून धरला जातो. हे घड्याळ आतूनच चालते, याची पहिली चाहूल लाजाळूच्या झाडाने दिली. १७२९ मध्ये दे मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवून पाहिले, तर ऊन नसतानाही त्याची पाने वेळच्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाशीत या तालाचे जनुक शोधले. ते नेमके काम कसे करते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

माणसाचे हे घड्याळ बरोबर २४ तासांचे नाही. सरासरीने ते दहा-बारा मिनिटे जास्त घेते, म्हणजे मोकळे सोडले तर रोज थोडे मागे पडत जाते. सकाळचा उजेड त्याला ओढून जागेवर आणतो. उशिरा निजणाऱ्यांत हा फेरा सहसा आणखी लांब असतो, त्यामुळे त्यांना रोज जास्त ओढावे लागते. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की सकाळचा की रात्रीचा, या फरकातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो. २०१९ मध्ये सुमारे सात लाख लोकांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तिच्यात या फरकाशी निगडित ३५१ जागा सापडल्या. माणूस कोणत्या बाजूचा आहे हे ठरवायला हॉर्न आणि ओस्टबर्ग यांची १९७६ मधली १९ प्रश्नांची प्रश्नावली आजही वापरतात. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडतात.

वयाचा भाग यात मोठा आहे. लहान मूल कोंबड्याबरोबर उठते. वयात येताना घड्याळ मागे सरकू लागते, विशीच्या आसपास सर्वांत उशिराचे होते आणि मग आयुष्यभर हळूहळू अलीकडे येत राहते. म्हणून पहाटे चारला आपोआप जाग येणारे आजोबा आणि नऊला न उठणारा नातू एकाच घरात असतात, आणि दोघेही आपापल्या वयाप्रमाणेच वागत असतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. निर्णय चांगला आहे, पण ज्यांचे घड्याळ खरोखर मागे पडलेले असते ती मुले आठवीपासून पुढची, आणि ती या निर्णयात नाहीत.

कोल्हापूरचा सूर्य

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. कोल्हापूर ७४.२ अंशाच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे कोल्हापूरचा सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटे मागे चालतो. जानेवारीच्या उत्तरार्धात इथे सूर्य सातनंतर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. कोलकात्याच्या माणसाने सहाला उठणे आणि कोल्हापूरच्या माणसाने सहाला उठणे यांत सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ तासाभराचा फरक आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवाला कोणी घड्याळ लावत नाही. मावळतीचे किरण गाभाऱ्यात पोचतात ते सूर्य आपल्या जागी आला म्हणून. शरीराचेही तसेच आहे.

ब्राह्म मुहूर्ताचा हिशेबही सूर्यावरूनच होतो, हे विसरले जाते. सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटे, तो सुरू होतो आणि एक मुहूर्त चालतो. कोल्हापुरात जूनमध्ये तो साधारण ४:२५ ला लागतो, तर जानेवारीत साडेपाचला. बारा महिने चारचा गजर लावणारा माणूस परंपरा पाळत नाही, घड्याळ पाळतो. जुन्या दिनचर्येत ‘स्वस्थ’ माणसाने या वेळी उठावे असे सांगितले आहे. आजारी, रात्रभर जागलेला किंवा न पचलेले अन्न पोटात असलेला माणूस त्यात येत नाही.

तालमीतली पहाट

हे कसे साधते ते पाहायचे तर गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या या परंपरेत पोरगा बारा-पंधराव्या वर्षी गावाकडून येतो आणि ऐन विशीत, म्हणजे झोप सर्वांत उशिराची होण्याच्या वयात, रोज पहाटे चारच्या सुमारास उठून हौद्यातल्या तांबड्या मातीत उतरतो. बाहेरच्या माणसाला ही इच्छाशक्तीची करामत वाटते. बारकाईने पाहिले तर सगळा दिवसच त्या पहाटेसाठी रचलेला असतो. जेवण संध्याकाळी लवकर. रात्री नऊच्या आसपास दिवे मालवलेले. सकाळची लढत आणि खुराक झाल्यावर दुपारी भरपूर झोप, कारण पहाटे तोडलेली झोप कुठेतरी भरून काढावीच लागते. वस्ताद या झोपेला मेहनतीइतकेच महत्त्व देतात. शिवाय शेजारच्या पथारीवरचा गडीही त्याच वेळी उठतो. गजर लावून एकट्याने उठणे आणि चाळीस जणांबरोबर उठणे यांत फार अंतर आहे.

तालमीवरून घाईने निष्कर्ष मात्र काढू नये. ज्यांना ते जमले नाही ती पोरे गावी परत गेलेली असतात. दिसतात ती टिकलेली.

दुसरे उदाहरण दुधाच्या घरांचे. जिल्ह्यातल्या गावागावांत दूध संस्थेची गाडी यायच्या आत धार काढावी लागते. अशा घरात उशिराच्या प्रकृतीची माणसेही असतात, पण ती वर्षानुवर्षे पहाटे उठतात, आणि काही दिवसांत ती वेळ त्यांच्या अंगवळणी पडते. कारण साधे आहे. म्हशीला रविवार नसतो. शहरातला विद्यार्थी सोमवार ते शनिवार सहाला उठतो आणि रविवारी अकरापर्यंत ताणून देतो. त्याचे घड्याळ दर रविवारी पुन्हा मागे जाते आणि सोमवारी तो परदेशातून विमानाने आल्यासारखा झोपाळलेला असतो. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या अवस्थेला सामाजिक जेटलॅग असे नाव दिले.

प्रयोग काय सांगतात

२०१९ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २२ पक्क्या रात्रजाग्यांवर तीन आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही माणसे सरासरी अडीचला झोपत आणि सव्वादहाला उठत. त्यांना औषध दिले नाही. रोजच्यापेक्षा दोन-तीन तास आधी उठा आणि तितकेच आधी झोपा, सकाळी बाहेरच्या उजेडात राहा, संध्याकाळी उजेड कमी करा, सुट्टीच्या दिवशीही वेळ मोडू नका, उठल्यावर लवकर न्याहारी करा, दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको, चारनंतर डुलकी नको, सातनंतर जेवण नको, व्यायाम सकाळी करा, एवढेच सांगितले. त्यांचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले आणि झोप कमी झाली नाही. उदासी आणि ताण घटला. सकाळच्या वेळी मुठीची पकडही वाढली, जी गोष्ट कोणत्याही वस्तादाला लगेच पटेल.

त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत आठ माणसांना आठवडाभर तंबूत ठेवले होते, विजेचा एकही दिवा न देता. तिथेही घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकले, आणि उशिराचे व लवकरचे यांच्यातले अंतर कमी झाले. म्हणजे आपल्या रात्रजागेपणातला काही भाग रक्तातला आणि बराचसा भाग ट्यूबलाईटचा.

उजेडाची वेळ

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेकांचे प्रयत्न तिच्यापाशीच फसतात. उजेड घड्याळाला नेहमी अलीकडेच ओढतो असे नाही. आपण आपोआप जागे होतो त्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. त्या क्षणानंतरचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधीचा उजेड ते मागे ढकलतो. जो माणूस रोज दहाला उठतो, त्याचा हा क्षण आठच्या सुमारास येतो. त्याने उद्यापासून एकदम पाचला उठून लख्ख दिव्याखाली पुस्तक उघडले, तर शरीराला ती अजून रात्रच वाटते आणि परिणाम उलटा होऊ शकतो. चार दिवसांत तो थकतो, घरचे म्हणतात बघ, जमत नाही तुला, आणि प्रयत्न संपतो. म्हणून स्वतःच्या नेहमीच्या वेळेपासून दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे येत जावे. मार्ग कंटाळवाणा आहे, पण पोचवतो.

उजेडाचे मोजमापही ध्यानात ठेवावे. घरात रात्री १०० ते ३०० लक्स असतो. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही, दिवस चांगला वर आल्यावर, बाहेर काही हजार लक्स असतो, आणि स्वच्छ उन्हात लाखापर्यंत जातो. पहाटे पाचला रंकाळ्याला एक फेरी मारून सूर्य उगवायच्या आत घरी परतणाऱ्याला व्यायामाचा लाभ होतो, उजेडाचा नाही. घड्याळ सरकवायचे असेल त्याने थंडीत साडेसातला निघावे. सकाळी गच्चीवर किंवा अंगणात चहा घेतला तरी काम होते. खिडकी बंद करून स्वयंपाकघरात घेतला तर होत नाही.

चहाचा उल्लेख निघालाच आहे तर, रात्रीच्या जेवणानंतर कट्ट्यावर होणारा कटिंग झोपेला नडतो. पाच-सहा तासांनंतरही त्यातले निम्मे कॅफिन अंगात असते.

कोणाला हे लागू नाही

काहींची झोप तीन-चारच्या आधी कशानेच येत नाही आणि शिक्षण किंवा नोकरी धोक्यात येते. विलंबित निद्रा म्हणून १९८१ पासून ओळखला जाणारा हा विकार आहे, आणि तिथे निद्रारोगाच्या डॉक्टरकडे जावे. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. त्या कोणत्या वेळी घेतल्या यावर घड्याळ कोणत्या दिशेला सरकणार ते ठरते. नैराश्यातही सकाळी उठवत नाही, आणि त्याला शिस्तीचा बडगा दाखवणे क्रूर आहे.

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार, आणि शेतीची लाईट रात्री येते म्हणून मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी, हे रात्रजागे नव्हेत. त्यांच्यातले कित्येक जन्माने पहाटेचे असतात आणि त्यांच्यावर रात्र लादलेली असते. त्यांना लवकर उठण्याचा उपदेश करू नये. सकाळी घरी आल्यावर खोलीत अंधार आणि दाराबाहेर शांतता, एवढे त्यांना मिळाले पाहिजे. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची मागणी साप-विंचवाच्या भीतीपुरती नाही, ती झोपेचीही आहे.

लागलेली सवय मोडते कशी, हे कोल्हापुरात दरवर्षी दिसते. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि फुटबॉलचा वर्ल्डकप आला की पेठापेठांत पडद्यासमोर रात्र जाते. प्रकृतीने पहाटेचा असलेला माणूस अशा जागरणानंतर दोन दिवसांत जागेवर येतो. कमावून पहाटेचा झालेला माणूस आठवडाभर मागे घसरलेला राहतो. त्याने झोपेची वेळ धरण्याच्या मागे न लागता उठण्याची वेळ धरावी, सकाळच्या उन्हात अर्धा तास बसावे आणि दुपारी तीनच्या आत वीस मिनिटे पडावे. रात्रीची झोप चार-पाच दिवसांत आपणहून अलीकडे येते.