सा बदलला की नुसता झाकला? टॉनिसायझेशन आणि मॉड्युलेशन

मिरजेच्या तंबोऱ्यावर तयार झालेल्या कोल्हापुरी कानाला पाश्चात्त्य चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वाद्यांच्या संगीताचा, स्कोअर (लिखित स्वरलिपी) उलगडताना हमखास एक अडचण येते. म तीव्र झाला, नि कोमल झाला, की लगेच पेन्सिलीने लिहिलं जातं : इथे ‘की’ (key, म्हणजे आधाराचा सा) बदलली. दहापैकी बहुतेक वेळा बदललेली नसते. घडलेलं असतं ते टॉनिसायझेशन. आपल्या भाषेत त्याला सर्वांत जवळचं काय, तर तिरोभाव. गायक दुसऱ्या रागाची छाया आणतो, मूळ राग क्षणभर झाकतो आणि आविर्भावाने परत उघडा करतो. सा जिथल्या तिथेच असतो. मॉड्युलेशनमध्ये मात्र सा उचलून दुसरीकडे ठेवला जातो आणि पुढची चीज त्या नव्या सा-वरून मांडली जाते.

पेटी समोर घ्या. पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, पाश्चात्त्य सी) हा सा. सा-ग-प हे स्वर एकदम वाजवा (अशा स्वरगटाला कॉर्ड म्हणतात), मग रे-तीव्र म-ध-सा, मग प-नि-रे. पंचमाचा पंचम रे असल्यामुळे दुसरी कॉर्ड प कडे ओढ लावते आणि क्षणभर प हाच सा वाटतो. आता लगेच प-नि-रे-शुद्ध म वाजवून सा-ग-प वर या. शुद्ध म परत आला आणि छाया सरली. हे टॉनिसायझेशन, दोन कॉर्डचा मामला.

आता तेच दुसऱ्या वाटेने. सा-ग-प नंतर ध-सा-ग घ्या. ही कॉर्ड दोन्ही घरांत चालते : जुन्या सा-पासून ती ध वरची, नव्यापासून रे वरची. मग रे-तीव्र म-ध-सा, मग प-नि-रे वर नीट थांबा. पुढचं वाक्यही तीव्र म घेऊनच सुरू करा आणि पुन्हा प वरच संपवा. आता जुनी सा-ग-प वाजवून पाहा. ती घरासारखी वाटणार नाही, मध्यमावरची कॉर्ड वाटेल, अजून पुढे जायचंय असं सांगणारी. हे मॉड्युलेशन. स्कोअर वाचताना शंका आली की हीच चाचणी लावायची : संशयाच्या जागेनंतर वाक्य जिथे संपतं तिथे थांबा, जुनी टॉनिक कॉर्ड (जुन्या सा-वरची) वाजवा आणि ती कुठे बसते ते ऐका. ही चाचणी करताना तंबोरा ॲप बंद ठेवा. मागे सा वाजत राहिला तर कान प्रत्येक स्वर त्याच्याशीच जोडतो आणि खरं मॉड्युलेशनही तिरोभाव वाटू लागतं.

किती बार (स्कोअरमधल्या उभ्या रेषांमधले तालखंड) टिकलं की मॉड्युलेशन म्हणायचं, असा आकडा काही जण मागतात. असा आकडा नाही. संथ चालीत चार बारांत एकच कॉर्ड असू शकते, द्रुत चालीत तेवढ्यात सगळं घर बदलून होतं. बार मोजण्यापेक्षा नव्या जागी पूर्ण केडन्स (पंचमाच्या ओढीने सा-वर येऊन वाक्य संपणं) झाली का आणि त्यानंतर नवीन वाक्य तिथूनच सुरू झालं का, हे बघा.

हेडन-मोत्सार्टपर्यंत एवढं पुरतं. नवअभिजात, म्हणजे जुने अभिजात साचे विसाव्या शतकात नव्याने वापरणाऱ्या, संगीतात गोंधळ होतो, कारण हे संगीतकार जुन्या घराचा दर्शनी भाग ठेवतात आणि आतले जिने हलवतात. प्रोकोफिएवची १९१६-१७ मधली ‘क्लासिकल सिंफनी’ ऐका. रचना वाद्यवृंदाची असली तरी कान तयार करायला हिच्याइतकं सोपं उदाहरण नाही. पहिला भाग पांढरी दोनवर सुरू होतो आणि अकराव्या बारमध्ये, कसलीही तयारी न करता, सगळा मजकूर पांढरी एकवर घसरतो. थोड्याच वेळात परत पांढरी दोन. याला मॉड्युलेशन म्हणणं मला पटत नाही : सामायिक कॉर्ड नाही, पांढरी एकवर नेणारी केडन्स नाही, तिथे मुक्कामही नाही. ती घसरण आहे. टॉनिसायझेशनही नव्हे, कारण त्याला आधी ओढ लावणारी कॉर्ड लागते. याच भागात दुसरी चीज पांढरी सहावर, म्हणजे पंचमावर जाते, तिथे मात्र मॉड्युलेशन बिनदिक्कत लिहा. गंमत पुढे आहे : मूळ चीज परतते तेव्हा ती घरच्या सुरात न येता त्या घसरलेल्या पांढरी एकवरच सुरू होते. सुरुवातीची घसरण ‘की बदलली’ म्हणून नोंदवून मोकळे झालात, तर हा धागा हातून सुटतो.

स्ट्राव्हिन्स्कीचा १९२३ चा ऑक्टेट, म्हणजे आठ वाद्यांची रचना, याहून अवघड. फ्लूट, क्लॅरिनेट, दोन बसून (bassoon, खालच्या सुरांचं फुंकवाद्य), दोन ट्रंपेट आणि दोन ट्रोंबोन. पहिल्या भागाची मुख्य चीज काळी दोनवर आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे दुसरी चीज तिच्या पंचमावर, काळी पाचवर हवी होती. ती येते पांढरी दोनवर, आणि परतीच्या फेरीत पांढरी तीनवर. काळी दोनच्या एक पट्टी खाली आणि एक पट्टी वर. ही मॉड्युलेशनंच आहेत, पण पंचम-षड्जाच्या ओढीने सिद्ध होणारी नव्हेत. इथे केडन्स शोधत बसलात तर हाती काही लागत नाही, कारण नि असतो तेव्हा बास (सर्वांत खालची ओळ) भलतीकडे असतो, नाहीतर पंचमाची आणि षड्जाची कॉर्ड एकमेकांवर चढलेली असते. म्हणून पुरावे तीन घ्या : चीज कोणत्या सुरावर बसते, बास वाक्याच्या शेवटी कुठे विसावतो, आणि नव्या सा-चा शुद्ध नि वारंवार येतो का. तीनपैकी दोन जुळले तर की बदलली असं लिहा. एकच जुळला तर तात्पुरती ओढ म्हणून कॉर्डवर बाण काढून सोडून द्या.

सगळ्यात जास्त चुका मात्र वाचनातच होतात, कारण काही वाद्यांची ओळ लिहितात एका सुरात आणि ऐकू येते दुसऱ्या सुरात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीत पांढरी चार लिहिलेली असते तेव्हा ऐकू येते काळी दोन. ए-मधल्या वाद्यासाठी पांढरी एक लिहिली की वाजते खालची पांढरी सहा. लिहिलेलं तसंच पेटीवर काढलं तर दोन वाद्यं दोन वेगवेगळ्या कीमध्ये वाजताहेत असा शोध लागतो आणि मग त्यावर पानभर विवेचनही लिहून होतं. स्कोअर हाती आला की आधी सगळ्या ओळी ऐकू येणाऱ्या सुरात उतरवून घ्या, मग डाव्या हाताने फक्त बास वाजवत वाक्यांचे शेवट खुणा करत जा. स्केल चेंजर पेटी असली तर उतरवायचंही काम नाही : बी-फ्लॅट क्लॅरिनेटची ओळ वाजवताना पट्टी दोन घरं खाली सरकवली की झालं.

जयपूर-अत्रौलीचे जोडराग ऐकणाऱ्यांसाठी एक इशारा. बसंतीकेदारमध्ये दोन राग असतात, सा एकच. स्ट्राव्हिन्स्कीत दोन थर एकाच वेळी वेगळ्या सुरांकडे ओढताना दिसले की जोडराग आठवतो, पण तिथे सा खरोखर दोन असू शकतात. अशा जागी टॉनिसायझेशन आणि मॉड्युलेशन हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा आणि प्रत्येक थराचा सा वेगळा लिहा.