ब्रुअरी भेट

परदेशात फिरायला गेल्यावर तिथल्या बिअरच्या कारखान्यात जायचं, बिअर कशी बनते ते बघायचं आणि जिथं बनते तिथंच उभं राहून थोडी थोडी चाखायची, याला ब्रुअरी भेट म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही कारण आपण गुऱ्हाळावर हेच करतो. पाहुणे आले की गाडी काढायची, काहिलीत रस उकळताना बघायचा, गुळव्याला चार प्रश्न विचारायचे, गरम काकवी चाखायची आणि येताना गूळ बांधून घ्यायचा. नाहीतर गंगावेशीतला दूध कट्टा घ्या, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात. बाटलीतली बिअर आणि ब्रुअरीतल्या पिंपातली बिअर यात पिशवीतलं दूध आणि कट्ट्यावरचं दूध एवढा फरक असतो, आणि म्हणूनच एवढ्या लांब गेल्यावर अर्धा दिवस यासाठी काढावा असं माझं ठाम मत आहे.

माल मोजून चारच: सातू (म्हणजे बार्ली), हॉप्स, पाणी आणि यीस्ट (म्हणजे रस आंबवणारे बारीक जीव). सातू भिजवून मोड आणतात आणि मोड जरा वर आले की गरम हवेनं वाळवून तिथंच थांबवतात, हा झाला माल्ट, आणि तो किती भाजला यावर बिअरचा रंग ठरतो. माल्ट भरडून गरम पाण्यात घातला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तो गोड रस गाळून हॉप्स घालून उकळतात. हॉप्स म्हणजे एका वेलाची हिरवी फुलं, कडूपणा आणि वास त्यांचा. मग रस गार करून यीस्ट सोडतात, ते साखर खातं आणि त्यातनं अल्कोहोल आणि गॅस तयार होतो. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं, यीस्टचं नावच नाही त्यात, कारण रस आंबतो कशानं हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. टूरवर कुठं माल्टचे दाणे हातावर दिले तर नुसते बघून परत करू नका, चावून बघा, आधी भाजक्या धान्याची चव येते आणि मग मागनं हळूच गोडवा उतरतो.

एकच ब्रुअरी बघणार असाल तर चेक देशातल्या प्ल्झेन गावातली बघा. प्रागहून रेल्वेनं साधारण दीड तास. १८३८ साली इथल्या लोकांनी खराब झालेल्या बिअरची ३६ पिंपं टाऊन हॉलसमोर ओतून दिली आणि मग गावातल्या ज्यांना ज्यांना बिअर बनवायचा हक्क होता त्यांनी एकत्र येऊन स्वतःची ब्रुअरी काढली, म्हणजे आपल्याकडं शेतकऱ्यांनी मिळून साखर कारखाने काढले तसंच की. बव्हेरियातनं योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि १८४२ मध्ये त्यानं सोनेरी रंगाची पिल्सनर बनवली, आज जगभर जी पिवळी बिअर पितात तिची ही मूळ आई. पाणी तिथलं एकदम मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, त्यामुळं कडूपणा घशाला टोचत नाही. आपला गूळ वेगळा का असं विचारलं की माणसं माती आणि पाणी सांगतात ना, इथंही तेच उत्तर मिळतं. ब्रुअरीखाली हातानं खोदलेले सुमारे ९ किलोमीटरचे बोगदे आहेत, बाहेर ऊन असलं तरी आत गारठा, जर्किन पाहिजेच. भिंती ओल्या, ओल्या लाकडाचा वास, आणि शेवटी ओकच्या मोठ्या पिंपाचा नळ उघडून न गाळलेली, पाश्चराइज न केलेली बिअर ग्लासात देतात, जरा गढूळ, वर जाड फेस. पहिल्या घोटाला पावासारखी चव येते, कडूपणा नंतर. ती बिअर बाटलीत मिळत नाही, तिच्यासाठी तिथंच जावं लागतं.

बेल्जियमच्या ब्रुसेल्समधली कांतियों ही १९०० सालची छोटी ब्रुअरी बघताना तर आपलं गुऱ्हाळच आठवतं, कारण उकळलेला रस वर माळ्यावर तांब्याच्या उथळ पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात, काहीलच म्हणा ना. यीस्ट वेगळं घालतच नाहीत, हवेतलं जे येऊन बसेल ते, आणि म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांतच चालतं. पुढं तो रस लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं मुरतो आणि जुनं-नवं मिसळून ग्योझ तयार होते. चव चांगलीच आंबट. पहिल्यांदा तोंड वाकडं होतं पण कोकम, ताक पिऊन वाढलेल्या माणसाला दुसऱ्या घोटाला पटते. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली.

आयर्लंडमधल्या डब्लिनचं गिनेस स्टोअरहाऊस (गिनेस ही तिथली काळी बिअर) हे खरं तर म्युझियम आहे, बिअर बनते ती शेजारी. वरच्या बारमधनं शहर छान दिसतं, बाकी गर्दीच जास्त.

चाखायची रीत सोपी आहे. छोटे ग्लास घ्यायचे, फिकट बिअरपासून गडद बिअरकडं जायचं, मधे पाणी आणि पाव. पोट रिकामं ठेवू नका आणि गाडी अजिबात चालवू नका, चेक देशात तर चालवणाऱ्याला थेंबभरही चालत नाही. घरी आणायची असेल तर माणशी २ लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. बाटली तपकिरी बघून घ्या, कारण हिरव्या किंवा पारदर्शक काचेतनं उजेड आत गेला की हॉप्समुळं बिअरला घाण वास येतो, आणि बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा.

जर्मनीत कोलोनला गेलात तर एक गोष्ट आधीच माहीत पाहिजे. तिथं क्योल्श नावाची बिअर २०० मिलीच्या उभ्या, बारीक ग्लासात देतात, ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलनं एक रेघ ओढतो, बिल त्या रेघा मोजूनच होतं. बास झालं असं तोंडानं सांगायचं नसतं, चकती उचलून ग्लासावर ठेवायची.