कॉलेज सोडलं म्हणून बिल गेट्स घडला नाही

"गेट्सनं कॉलेज सोडलं, मग डिग्री कशाला?" पुसद-दिग्रसकडच्या चहाच्या टपऱ्यांवर पॉलिटेक्निकची पोरं हे वर्षानुवर्षं बोलतात. बापानं कापूस विकून फी भरलेली असते, म्हणून हा समज खोडायलाच हवा.

गेट्सच्या हाती कॉम्प्युटर आला शाळेतच, १९६८ मध्ये. त्या काळी अमेरिकेतही फार थोड्या शाळांत ही सोय होती. १९७५ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडला तेव्हा प्रोग्रामिंगचा सात वर्षांचा सराव होता आणि अल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरसाठी बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचं काम हाती होतं. वडील वकील, म्हणजे घरचा आधार होता. शिवाय त्यानं कॉलेजातून नाव कमी केलं नव्हतं, रजा घेतली होती.

नशीब खऱ्या अर्थानं उघडलं ते आयबीएम या बड्या कॉम्प्युटर कंपनीशी १९८० मध्ये झालेल्या करारानं. तिच्या कॉम्प्युटरसाठी डॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, द्यायची होती. डॉस मुळात गेट्सनं लिहिलेलीच नाही. सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून गेट्सच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनं ती एकूण ७५,००० डॉलरला घेतली. आयबीएमला मात्र विकून टाकली नाही. फक्त वापराचा परवाना दिला आणि इतरांना परवाना द्यायचा हक्क स्वतःकडे राखला. पुढे आयबीएमसारखे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या डॉससाठी मायक्रोसॉफ्टच्याच दारात आल्या.

बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर पुढच्या परीक्षेत काढा, आणि कोडिंग आजच सुरू करा. दोन्ही एकत्र जमतं.