हलका ड्रायव्हर म्हणजे लांब थ्रो?

"डिस्क गोल्फमध्ये ड्रायव्हर जितका हलका, तितका लांब जातो," असं सर्रास सांगितलं जातं. (डिस्क गोल्फ म्हणजे डिस्क, म्हणजे चकती, फेकून टोपलीत पाडायचा खेळ; ड्रायव्हर म्हणजे त्यातली लांब फेकीची डिस्क.) अर्धं खरं आहे. १५० ग्रॅमची डिस्क १७५ ग्रॅमच्या डिस्कपेक्षा कमी ताकदीत वेग पकडते, म्हणून नवख्यांची ती बऱ्याचदा लांब जातेही. पण वजन घटलं की फिरकीचा आधारही घटतो. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेत) टाकलेली हलकी डिस्क लवकर उजवीकडे कलते. समोरून वारा असेल तर विचारूच नका. डिस्कचा मूळ स्वभाव मात्र ती ज्या साच्यातून घडते त्याचा, विशेषतः कडेच्या आकाराचा.

पडताळायचं तर एकाच साच्याच्या, एकाच प्लॅस्टिकच्या दोन वजनांच्या डिस्क काट्यावर तोलून घ्या. वारा पडलेला असताना आलटूनपालटून टाका, मग वाऱ्याच्या तोंडावर. डिस्क नव्याच घ्या. घासलेली कड वजन कितीही असलं तरी जास्त कलते.